उर्वशीचं ‘नाही’

चंद्रपूरच्या संध्याकाळच्या बाजारात उर्वशीनं वास्त्याच्या बुडख्याला नख लावून पाहिलं आणि तिथंच फसली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळा सरत आला की पोतं अंथरून बाया-माणसं ते विकायला बसतात, आणि शहरातली बाई आली की आधी भाव विचारते. नख लावून कोवळा की जून बघते ती रानातली. भाजीवाल्यानं हे अचूक हेरलं. चांगला म्हातारा माणूस होता, त्याच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. तो हसून म्हणाला, “तुमी तिकडच्या दिसता, बाई. भामरागडच्या का?” आणि उर्वशी म्हणाली, “नाही हो, इथलीच.” झालं, एवढंच. कुणाचं काही गेलं नाही, कुणी मागं वळून बघितलं नाही. पण तो शब्द तोंडातून गेला आणि ती जागच्या जागी थिजली, कारण हेच ‘नाही’, याच स्वच्छ, सोज्वळ, शाळेत घासून घेतलेल्या आवाजात ती आज सकाळीही म्हणाली होती. दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, लालसूच्या खाटेशी उभी राहून. दिवसभर तिनं ते कागदपत्रांखाली, चहाखाली, इकडच्यातिकडच्या धावपळीखाली दाबून ठेवलं होतं. भाजीवाल्यानं नेमकं तेच वर काढलं. तिनं वास्ते खाली ठेवले. “काऊन, बाई, घेत नाई का?” असं तो मागून विचारत राहिला आणि ती गर्दीतून वाट काढत निघाली.

सकाळची गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात, आणि तीच तिला दिवसभर पुरेनात. उर्वशीची नोकरी दवाखान्याच्या मदत कक्षात. गडचिरोलीच्या आतल्या भागातून जे पेशंट येतात, ज्यांना माडियाखेरीज भाषा येत नाही, त्यांचं बोलणं डॉक्टरांना मराठीत सांगायचं आणि डॉक्टरांचं त्यांना माडियात. लालसू काल दुपारी आला. विशीतला पोरगा, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, आणि लघवी जवळजवळ बंद. भामरागडच्या पुढं पूल पाण्याखाली, म्हणून त्याला आधी डोंग्यातून नदीपार केलं, मग खाटेवर, मग जीपमध्ये, मग गाडीत. सोबत फक्त आई, बायनाबाई. राउंडला डॉ. वैरागडे आले, त्यांच्या मागं दोन शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर. डॉक्टर म्हणाले, “हिला विचारा, गावाकडं काही झाडपाला, मुळी वगैरे दिली का? किडनीचा प्रश्न आहे, नीट विचारा.” उर्वशीनं नीट विचारलं. आणि बायनाबाईनंही नीट सांगितलं, काही न लपवता, हातवारे करून: ताप चढला तेव्हा पुजाऱ्याकडं गेले, त्यानं मुळी दिली, ती उगाळून पाण्यातून पाजत आले, पाणी चढलेलं होतं म्हणून दवाखान्याला निघता येईना तेव्हा तेवढी मुळी हाताशी होती, डोंग्यातसुद्धा पाजली. एवढं लांबलचक सांगणं. ते संपलं आणि चौघंजण उर्वशीच्या तोंडाकडं बघायला लागले. सिस्टरच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू तयारच होतं, फक्त बाहेर पडायचं बाकी. ‘बघा, म्हटलं नव्हतं, हे लोक म्हणजे ना’ हे वाक्य उर्वशीला ऐकू यायच्या आधीच ऐकू आलं. आणि ती म्हणाली, “नाही डॉक्टर. असं काही दिलेलं नाही.” एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर कसं, असं कुणालाही वाटलं नाही. शिकाऊ डॉक्टरांतला एक म्हणाला, सुधारतायत म्हणजे लोक. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. आणि उर्वशीला, हे तिनं स्वतःशीसुद्धा दुपारपर्यंत कबूल केलं नव्हतं, बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. आपल्या माणसांना एक दिवस कुणी हसलं नाही, म्हणून बरं वाटलं.

आता मूर्ख का होती ती? मुळीनं किडनीवर काय होऊ शकतं हे तिला पाठ होतं. गावोगावच्या बायांना तीच तर समजावून सांगत असते. पण तोंडाला सवय लागली की तोंड डोक्याला विचारत बसत नाही. ही सवय कधी लागली ते ती ऑटोत बसून उकरत राहिली. आश्रमशाळेत गुरुजी माडियात बोलणाऱ्याला बाकावर उभं करत, आणि उर्वशी पहिल्या वर्षातच अशी शुद्ध बोलायला लागली की तिला बाकावर चढायची वेळच आली नाही. तेव्हा बाकावर उभ्या असलेल्या मैत्रिणी तिच्याकडं बघत आणि ती फळ्याकडं. मग शाळा बघायला पाहुणे येत. गाड्यांतून उतरत, जुन्या कपड्यांची गाठोडी आणत, आणि त्यांना रेला नाच बघायचा असे. एकदा एका बाईनं तिला जवळ घेऊन विचारलं होतं, बाळ, तुला काय आवडतं? तिनं सांगितलं, गणित. त्या बाईचा चेहरा असा पडला की उर्वशीलाच वाईट वाटलं, आणि ती घाईघाईनं म्हणाली, नाचपण आवडतो. बाई लगेच खुलल्या. केवढं सोपं होतं ते! समोरच्याला काय हवंय ते त्याच्या डोळ्यांत वाचायचं आणि तेवढंच त्याच्या पदरात टाकायचं. पुढं चंद्रपूरच्या वसतिगृहात मुलींनी विचारलं, तुम्ही खरंच लाल मुंग्यांची चटणी खाता? ती म्हणाली, छे, नाही. आणि त्या दिवशी तिला त्या चटणीची अशी आंबट आठवण आली की जेवण गेलं नाही. गावाकडं गेली की उलटं. तिथं सगळे विचारत, शहरात बरं आहे का, साहेब लोक चांगले आहेत का, तू त्यांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसतेस का? तिथं ती हो म्हणायची. खुर्ची होती, हे खरंच होतं. बाकीचं कुणी विचारलं नाही. गावाला हो आणि शहराला नाही, असं करत करत तिचं चांगलं चाललं होतं, लोक तिला गुणाची पोर म्हणत होते, दोन्हीकडचे.

आणि बायनाबाईनं तर तिला पोरच केलं होतं. काल गाडीतून उतरल्या उतरल्या म्हातारी आधी घाबरलेली, कुणाकडं बघावं कळेना. उर्वशीनं ‘जोहार’ म्हटलं तशी तिनं तिचे दोन्ही हात धरले. मग गाव विचारलं, मग बापाचं नाव, मग विचारलं, तुम्ही किती देवांचे? उर्वशी म्हणाली, सहा. बायनाबाईचा चेहरा उजळला. आम्हीपण सहा देवांचे. म्हणजे नातं लागलं. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. बायनाबाईनं खाटेवर डोळे मिटून पडलेल्या लालसूला हलवून सांगितलं, बघ, इथं तुझी बहीण आहे, आता भ्यायचं कारण नाही. लालसूनं ते पिवळे डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं होतं आणि लाजून पुन्हा मिटले होते. म्हणजे ज्याच्या बाबतीत ती खोटं बोलली तो भाऊ लागत होता. हे आठवलं आणि उर्वशीनं ऑटोवाल्याला सांगितलं, इथंच थांबवा. घर अजून गल्लीभर लांब होतं, पण तिला बसवेना.

ती भाड्यानं राहायची कमलाबाईंकडं. कमलाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला सडेतोड. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली रोज ताजं फूल, आणि ओट्यावर रोज गुळवेलीचा काढा उकळत असलेला. आजही उकळत होता. तो कडवट वास नाकात गेला आणि उर्वशी दारातच थांबली. कमलाबाईंनी ताट वाढलं, तिनं भात चिवडला, बाजूला सारला. “काऊन जेवत नाई?” त्या म्हणाल्या. उर्वशी म्हणाली, डोकं दुखतंय. कमलाबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की डोकं दुखणारं माणूस असं भिंतीकडं बघत बसत नाही, खरं काय ते सांग. मग उर्वशीनं सांगितलं. सगळं नाही, आधी थोडं, आणि मग थोडं सांगून थांबता येईना म्हणून सगळं. सिस्टरच्या ओठावरचं हसूसुद्धा सांगितलं, जे आलंच नव्हतं. शेवटी कमलाबाईंनी काढ्याखालचा गॅस बंद केला आणि स्वतःचंच सांगायला लागल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना वाटायचं, गावातल्या बाया म्हणतील ही त्या वस्तीतली, हिच्या हातचं लेकरांनी कसं खावं. म्हणून अंगणवाडीची भांडी त्या इतरांच्या दुप्पट घासायच्या, राखेनं बोटं फुटली तरी घासायच्या, आणि साडीला इस्त्री केल्याशिवाय कधी घराबाहेर पडल्या नाहीत. कुणी काही म्हणालं होतं का? बहुतेकींनी कधीच काही म्हटलं नाही. पण म्हणतील, म्हणतील, यातच निम्मी नोकरी गेली. “तुयं मले समजते, पोरी,” त्या म्हणाल्या. “पण मी माये हात फोडले. आपल्या इज्जतीचा भार आपल्या डोक्यावर घ्यावा, दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर नाई. जा तू आत्ताच.” उर्वशीनं चपला घातल्या. ‘जा’ हा शब्द तिला सकाळपासून कुणीतरी म्हणायला हवा होता, आणि तो दुसऱ्यानं म्हणेपर्यंत आपण थांबलो याचीही तिला लाज वाटली.

दवाखान्यापर्यंतची वाट फार लांब नव्हती, पण तेवढ्यात माणसाचं मन केवढी कारागिरी करतं बघा! निघताना ती खरं सांगायला निघाली होती. चौकात येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की खरं सांगायचीच काय गरज आहे. गरज आहे ती मुळीचं कळण्याची. डॉक्टरांना कळलं म्हणजे झालं, कुणामुळं आणि कधी कळलं यानं लालसूच्या किडनीला काय फरक पडणार? सकाळी बायनाबाई घाबरून काही बोलली नाही, नंतर विश्वास बसल्यावर बोलली, असं सांगता येईल. त्यात कुणाचं नुकसान नाही. उलट म्हणतील, उर्वशीनं पुन्हा जाऊन विचारलं, किती काळजी घेते. हे मनात आलं आणि तिला स्वतःची अशी शिसारी आली की ती रस्त्याच्या कडेला क्षणभर उभी राहिली. पण शिसारी आली म्हणून तिनं तो बेत टाकून दिला, असं मात्र झालं नाही. तो बेत तिनं बरोबर घेतलाच. फाटकातून आत शिरताना तिनं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, आणि ते मनात म्हणून पाहताना आवाज तोच निघत होता, स्वच्छ आणि सोज्वळ.

डॉ. वैरागडे लालसूच्या खाटेशीच उभे होते. लघवीच्या पिशवीकडं बघत होते आणि पिशवीत बघण्यासारखं काही नव्हतं. दिवसभराचा थकवा त्यांच्या खांद्यावर उतरला होता. सिंदेवाहीकडचा माणूस, एरवी मोजून-मापून शुद्ध बोलणारा, पण दमला की त्याची घरची भाषा बाहेर यायची. उर्वशीनं जुळवलेलं वाक्य एका दमात सांगितलं: डॉक्टर, संध्याकाळी आईनं सांगितलं, मुळी दिली होती, सकाळी ती घाबरली असणार. सांगून ती वाट बघत उभी राहिली, त्या ‘तुम्ही लोक’ची. त्याच्यासाठी तिनं अंग चोरून घेतलं होतं. डॉक्टरांनी मान वरसुद्धा केली नाही. “ते मी सकाळपासून धरूनच चाललो आहे,” ते म्हणाले. “इथं सगळेच नाही म्हणतात. वरोऱ्याचा वकील नाही म्हणतो, प्राध्यापक नाही म्हणतो. माही माय अजून मले चोरून काढा पेते, अन् विचारलं तर नाई म्हणते. मुळी दिली आहे असं समजूनच सकाळी औषधं बदलली.” उर्वशीला काय वाटलं ते तिला तिथल्या तिथं कळलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. लालसूवर उपचार बरोबरच चालू होते, आपल्यामुळं काही बिघडलं नव्हतं! आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी आतून कोसळलं. ज्या हसण्याच्या भीतीनं ती खोटं बोलली ते हसू या माणसाच्या मनात नव्हतंच. त्यानं तिच्या लोकांना वेगळं काढलंच नव्हतं, तिनंच काढलं होतं. तिचं ते एवढं जपलेलं ‘नाही’ त्यानं मोजलंसुद्धा नव्हतं. कुणासाठी खोटं बोललो आपण, असं तिनं स्वतःला विचारलं.

“पण मग एक कळत नाही,” डॉक्टर पुढं बोलत होते. “आतापर्यंत लघवी सुटायला हवी होती. थोडी तरी. उलट कमी होत चालली आहे. उद्यापर्यंत असंच राहिलं तर नागपूरला हलवावं लागेल, आणि त्याच्यात तेवढा प्रवास सोसायची ताकद नाही.” ते थांबले. मग एकदम उर्वशीकडं वळले. “अजून देते आहे का ही? विचारा बरं तिला.” बायनाबाई खाटेच्या पलीकडं, भिंतीशी, फरशीवर बसली होती. स्टूल दिलेलं होतं, त्यावर तिनं लालसूचा सदरा घडी करून ठेवला होता. उर्वशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं माडियात विचारलं. विचारायच्या आधीच तिला उत्तर दिसलं होतं. सकाळी ती ‘नाही’ म्हणाली, म्हणून मुळी बंद कर असं बायनाबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. जी दिलीच नाही ती बंद करायला कोण सांगणार? डॉक्टरांनी मनात धरलं होतं, औषधं बदलली होती, पण म्हातारीशी बोलायचं काम उर्वशीचं, आणि उर्वशी तिथून मान ताठ ठेवून निघून गेली होती.

बायनाबाईनं आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग सिस्टरकडं, आणि मग आवाज अगदी खाली आणून उर्वशीच्या कानाशी बोलायला लागली. भिऊ नकोस, ती म्हणाली, मी कुणाला दिसू दिलं नाही. सकाळी तू त्यांना ‘नाही’ म्हणालीस ते मला कळलं. तेवढा एक मराठी शब्द तिला येत होता. तिच्या गावात येणाऱ्या सरकारी माणसांनी तो तरी सगळ्यांना शिकवलाच होता. तू इथली शिकलेली, ती म्हणाली, तू विचार करूनच म्हटलं असणार. मी समजले, द्यायचं, पण लपवून द्यायचं. ती सुया टोचणारी बाई पडद्यापलीकडं गेली की पाजते, सकाळी पाजली, दुपारी पाजली. मघाशी दुसऱ्या बाईनं मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, पण मी ‘नाही’ म्हटलं. परक्या माणसांत आपल्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. तुझा पडू दिला नाही मी. असं सांगून तिनं लुगड्याच्या कनवटीला चाचपलं, मुळी जागेवर आहे ना ते बघितलं, आणि उर्वशीच्या गालावरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कामगिरी नीट पार पाडल्याचं समाधान होतं.

“काय म्हणते ती?” डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर जवळ आली होती. शेजारच्या खाटेवरचा पेशंट आणि त्याचे नातेवाईकही कान देऊन होते. मनानं पुन्हा एक वाक्य जुळवून पुढं केलं, गुळगुळीत, कुणालाही न दुखावणारं: हो डॉक्टर, तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं, मी आता समजावते. ते वाक्य उर्वशीच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लालसू कण्हला. ती फरशीवरून उठली नाही. म्हातारीचा हात हातात तसाच ठेवून तिनं शब्दाला शब्द ठेवत सांगितलं, “ती म्हणते, पोरी, सकाळी मी तुला मुळीचं सगळं सांगितलं आणि तू यांना नाही म्हणालीस. तेव्हा मी समजले, लपवून द्यायची. आज दोनदा दिली. तुझा शब्द खाली पडू दिला नाही.” मग ती थांबली, आणि स्वतःचं म्हणाली, “सकाळी तिनं खरं सांगितलं होतं. मी खोटं बोलले. आत्ता तुम्हाला सांगितलं तेही खोटं होतं.” तिला कळलं की आपला आवाज नेहमीचा राहिला नव्हता. तो फाटला होता आणि त्यात गावाकडचा हेल आला होता.

डॉक्टर लगेच सिस्टरला भराभर सूचना द्यायला लागले, कोणतं सलाईन, रक्त पुन्हा तपासायला, किडनीवाल्या डॉक्टरांना फोन. मुळी मागून घ्या, ते उर्वशीला म्हणाले, ती कसली आहे हे बघावं लागेल. आणि थोडं थांबून म्हणाले, “आज कळलं म्हणून बरं. उद्या कळून उपयोग नव्हता.” रागावले नाहीत. रागावले असते तर तिला झेपलं असतं. उर्वशीनं बायनाबाईला सांगितलं की मुळी द्यावी लागेल, ती लालसूला बाधते आहे, आणि ‘नाही’ म्हणण्यात माझी चूक झाली, तुझी नाही. बाधते, हा शब्द ऐकून बायनाबाईनं लालसूच्या पायावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग दुसऱ्या हातानं कनवटीची गाठ सोडून मुळी काढून दिली. तिनं उर्वशीला एक शब्दही लावला नाही. तिनं फक्त डॉक्टरांकडं बोट केलं आणि म्हणाली, यांना सांग ना, ही पोर लहान आहे, माझ्या लेकासाठीच बोलली ती, तिला रागावू नका.

डॉक्टर थांबले होते. “आता काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

आणि तेही उर्वशीलाच मराठीत सांगावं लागलं.